सरकारी वळूचा पोळा

बुळकांड्या रोगानं सरकारी फारमातली सगळी गुरं गेली, तवा जिंतूरकडच्या त्या माळावर नुसते खुंटे उरले होते. मंग निजाम सरकारानं फारम पुन्हा उभा करायचं ठरवलं. गाई आल्या, अन् कंधाराकडून लालभडक वळू आला. एकच. तो जगला तर वासरं, वासरं झाली तर फारम, न्हाईतर पुन्हा खुंटेच. आमचे हे त्या वळूवर नोकर होते. फारमाचा कारभार बघणाऱ्या दरोगासाहेबांनी वळू आल्या आल्या बजावलं होतं, "सांड कू कुछ हुआ तो तू सीधा हवालात में." तवापासनं वळू शिंकला तरी मी हातातलं काम टाकून गोठ्याकडं पळायची.

पोळा आला. लय सालांनी माळावर वळू दिसलेला, त्यामुळं आजूबाजूच्या वाड्यांतल्या बाया हरखून गेल्या. जी ती पुरणपोळीचा निवद घेऊन गोठ्यात. हे हात जोडून सांगायलेत, एकेक घासच द्या. पण आमच्या आत्याबाई, म्हंजे सासूबाई, ऐकतात व्हय! "सरकारचा असला म्हून देव न्हाई का त्यो? आजच्या दिशी उपाशी ठिवता का?" असं म्हणत त्यांनी अख्खं ताट त्याच्या म्होरं धरलं. मंग बाकीच्या कशाला मागं राहतात!

दुपारी वळूनं रवंथ थांबवला. डावी कूस फुगून टम्म. ह्यांनी थाप मारली तर ढोलावानी आवाज आला. "मेलो आपण," एवढंच बोलले. मला तर हवालातीचं दारच दिसायला लागलं. करडीच्या तेलात ओवा-हिंग घालून पाजलं, ढेकर यावा म्हून तोंडात कडुलिंबाची काठी आडवी बांधली, अन् त्याला चढावर चालवायला लागलो. तो थांबायचा, कण्हायचा. आत्याबाई मागून रडत, "माय, माझीच अक्कल शेण खाया गेली!"

तेवढ्यात घोड्यावरून दरोगासाहेब आले. मी आत्याबाईंच्या मागं सरकले. साहेबांनी वळूच्या कुशीला हात लावला. "कितनी रोटियां खिलाए?" हे आत्याबाईंकडं बघायला लागले. मंग तेच हळू आवाजात म्हणाले, "दो तो मैं बी खिलाया."

काय सांगावं, तो माणूस ह्यांच्यापेक्षा जास्त भ्यालेला. त्यांच्याही वर कुणी साहेब असणारच की! त्यांनी स्वतः कासरा धरला अन् चालायला लागले.

उन्हं कलताना वळूनं असा ढेकर दिला की गाई दचकल्या. साहेब मटकन मातीतच बसले. आत्याबाईंनी मीठमिरच्या आणून दोघांची दृष्ट काढली, आधी वळूची, मंग साहेबांची.

पुढं त्याच्या वासरांनी माळ भरला. पण माझं भ्या काई गेलं न्हाई. अजून पोळ्याला बैलाला घास देते, अन् दिवस मावळेपतोर त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवून बसते. सुना हसतात. हसू द्या. ती कूस वरखाली होताना हाताला लागल्याबिगर मला पोळी गिळवत न्हाई.