लाल कार्ड आणि भाजलेले बोंबील
भिंतीपलीकडे थोरल्या जाऊबाईंनी सुके बोंबील भाजायला घेतले, की मला माझं लाल कार्ड आठवतं. खोपोलीच्या सरकारी दवाखान्यात आम्हा म्हाताऱ्यांना तपासून कार्डं दिली होती. ज्याला बीपी-शुगरचा धोका जास्त त्याला लाल, त्याने दर महिन्याला यायचं. ज्याची तब्येत चांगली त्याला हिरवं, त्याने वर्षातून एकदा आलं तरी चालेल. मला लाल मिळालं, जाऊबाईंना हिरवं, आणि त्या रुसल्याच. हळदीकुंकवापासून सगळा मान थोरलीचा, आणि इथं धाकटी पुढं. शिवाय महिन्याची खोपोलीची फेरी, येताना फाट्यावरचा चहा, त्यांचं सगळंच हुकणार. म्हणाल्या, "मी परत तपासायला लावते." पुढच्या खेपेला निघायच्या आधी त्यांनी ताटभर बोंबील भाजले, वर लोणचं. "खारट खाल्लं की बीपी चढतो गं. तू पण खा, एकटीला गोड नाय लागत." थोरलीला नाही कसं म्हणणार, मीही खाल्लं. दवाखान्यात त्यांचा बीपी तरण्या पोरीसारखा, आणि माझा चढलेला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय खाल्लंत आजी?" जाऊबाईच पुढं झाल्या, "बोंबील ओ. ती ऐकतच नाय." बाई म्हणाल्या, "मग दर महिन्याला तुम्हीच यांच्यासोबत या, आणि खाण्यावर लक्ष ठेवा." तेव्हापासून कार्ड माझं, पण दवाखान्यात खुर्चीवर आधी त्या बसतात. आणि माझ्या वाट्याचे बोंबीलही त्याच खातात, माझ्या तब्येतीसाठी म्हणे.