उकडलेल्या बटाट्यानं घात केला

मंडळी, "आणखी एक खोडी केलीस तर तुझी लॅब बंद," असं केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला बजावलं होतं. तरी आज मॅडमच्या टेबलावर फेस काढायला पेरॉक्साइडमध्ये साबण अन् डब्यातल्या भाजीचा बटाटा गुपचूप टाकला.

कायच झालं न्हाई. मॅडम मात्र मागंच उभ्या!

"काय करून राहिलास रे?"

"फेस काढून राहिलो, मॅडम."

"येड्या, बटाट्यातला उत्प्रेरक रिअ‍ॅक्शन पळवतो, पण उकडल्यावर तो मरतो. जा, कँटीनमधून कच्चा आण."

कच्ची फोड टाकली अन् फेस थेट मॅडमच्या ॲप्रनवर! लई हसल्या. म्हणल्या, "उद्या लॅबला वेळेवर ये."

मॅडम, लई उपकार झाले. मंडळी, हाकलायच्या जागी शिकवणारं माणूस तुम्हाला भेटलं का?