स्थळं आणि अणुबॉम्ब

सीमेवर तणाव होता त्या दिवसांत आमच्या फुलसावंगीच्या घरी टीव्ही सकाळपासून चालू असे, आणि नेमकी तेव्हाच मला बघायला स्थळं येत होती. शेती, दुकान, पगार विचारून झालं की बाबा खुर्ची पुढे ओढायचे. "बरं पाव्हणे, टाकाले पायजे का नाई अणुबॉम्ब?"

माझा जीव जळायचा. लग्न माझं, आणि चर्चा पाकिस्तानची!

पहिला मुलगा म्हणाला, "पाकिस्तानवर टाकाच." बाबा खूष. "अन् चीनवर?" मुलगा चपापला. "चीनचा जरा इचार करून पाहा लागन." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. पानठेल्यावरसुद्धा हेच चालायचं, पाकिस्तानवर बिनधास्त आणि चीनवर सबुरीने. मरणारी माणसं दोन्हीकडे सारखीच, पण त्यांचा विषय कुणी काढत नसे. मला ते दोघेही नको होते, म्हणून मी गंमत बघत राहिले.

तिसरा दारव्ह्याहून आला, त्याच्या मामांसोबत. तिथे त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. मी पोह्यांची बशी पुढे केली तर म्हणाला, "तुम्ही खाल्ले का?" आधीच्या दोघांनी फक्त बशी पाहिली होती. हा हातचा जाऊ नये असं मला फार वाटलं.

बाबांनी प्रश्न विचारलाच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"नाई काका," तो म्हणाला. "कोनावरच नाई."

"पाकिस्तानवर बी?"

"तिकडं बी लेकरं हायेतच नं."

"अन् त्यायनंच पयले टाकला तं?"

"तं मले लय राग येईन. पन तरी बी 'टाका' म्हनाले माही जीभ नाई वळनार."

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. माझ्या मागून आई कुजबुजली, "गेलं स्थळ." चहा झाला, पाहुणे निघाले. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आले आणि माझा तोल सुटला.

"झालं समाधान? तुमच्या बॉम्बपायी माह्यं लग्न मोडलं!"

"मोडलं कोन म्हन्ते?" बाबा चपला काढत म्हणाले. "बॉम्ब टाकाच, माह्यं मत काई बदललं नाई. पन ज्याचा हात दुश्मनावर उठत नाई, तो माह्या पोरीवर कायले उठन?"