पलीकडच्या अठरा काठ्या

शाळेत तिला सगळे सावलीबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. ती विज्ञान शिकवायची, पण नाव पडलं ते काठीमुळे. वर्षातून चार ठरलेल्या तारखांना, भर दुपारी, ती पोरांना पटांगणात आणायची, प्रत्येकाला मीटरभर लांबीची काठी द्यायची आणि सावली मोजायला लावायची. त्याच दिवशी सीमेपलीकडच्या एका शाळेतही तशाच काठ्या उभ्या राहायच्या. दोन्हीकडच्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढायचा. पोरांची पृथ्वी कधी लिंबाएवढी निघायची, कधी सूर्यालाही भारी पडायची, पण काढायची मात्र जीव तोडून.

ही जोडी जमली होती नऊ वर्षांपूर्वी, शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात. प्रशिक्षण कसलं, नुसता तासांचा रतीब. पन्नास तास भरले की प्रमाणपत्र. कॅमेरा बंद करून जो तो आपापली कामं उरकायचा. सावलीबाई भोळी, ती वही-पेन घेऊन खरंच ऐकत बसली. पलीकडे आणखी एक तसाच वेडा निघाला, गणिताचा मास्तर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एक तिसरीच भाषा दोघांनाही मोडकीतोडकी यायची. मग मास्तरनेच सावल्यांचं सुचवलं. आकड्यांचं भाषेवाचून अडत नाही, असं त्याचं म्हणणं.

पुढे शाळेचा पट घसरत घसरत अठरावर आला. विसाच्या आतल्या शाळा बंद करून मुलं लांबच्या मोठ्या शाळेत घालायची, असा वरून हुकूम होता. अठरांपैकी निम्मी तरी तिथवर पोचलीच नसती, घरीच बसली असती. शाळा वाचली ती अर्जातल्या एका रकान्यामुळे. 'परदेशी शाळेशी सहकार्य चालू आहे काय?' तिथे 'होय' लिहून दोन्हीकडचे आकडे जोडले की वर्षभराची सूट मिळायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, आख्खी शाळा तुमच्या काठीवर उभी आहे, बरं का." बाई हसायची. तेव्हा तिला हसू यायचं.

पलीकडच्या पोरांचं तिला फार कौतुक. इकडच्या प्रत्येकाला तिकडचा एक जोडीदार द्यायचा, म्हणून तिकडूनही अठराच आकडे यायचे. गेली दोन वर्षं त्यांचे आकडे असे यायचे की बघत राहावं. ५३.२, ५३.१, ५३.२, ५३.३. ते ती फळ्यावर लिहायची आणि आपल्या पोरांना झापायची, "बघा, याला म्हणतात मोजणं! नाहीतर तुम्ही. एकाच्या काठीची सावली एकावन्न, तर शेजारच्याची साठ!" पोरं माना खाली घालायची.

एका रविवारी ती आकड्यांचा कागद घेऊन घरी बसली होती. थोरला भाऊ समोर घड्याळ उघडून बसला होता. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. कौतुकाने तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने डोळ्याचं भिंगही काढलं नाही.

"किती पोरं म्हणालीस?"

"अठरा."

"ही अठरा पोरं नाहीत. हा एकच हात आहे."

"काहीतरीच काय दादा!"

"अगं, माझ्या दुकानात अठरा घड्याळं कधी एक वेळ दाखवत नाहीत. तुझी पोरं कुठून दाखवणार?"

तीस वर्षं पोरांत काढलेल्या बाईला जे दिसायला हवं होतं, ते घड्याळजीला दिसलं. तिने त्याच दुपारी मास्तरला सरळ विचारलं. उत्तर यायला तीन दिवस लागले.

'बाई, आमची शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली. मुलं पांगली. मी गच्चीवर मोजतो. एकदा मोजून अठरा वेळा लिहीत नाही. काठी अठरा वेळा उभी करतो, अठरा वेळा मोजतो. सगळे आकडे खरे आहेत. एक शाळा गेली ती गेली. तुमची राहावी.'

ती खूप रडली. मग चिडली, तीही मास्तरवर नाही, स्वतःवर. गच्चीवर उन्हात एकट्याने उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं उदाहरण देऊन ती दोन वर्षं आपल्या पोरांना घालूनपाडून बोलत होती. सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण सांगितलं की रकान्यात 'नाही' लिहावं लागणार, आणि अठरा पोरांच्या दप्तरांचं काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. तिने मास्तरला लिहिलं, 'पुढच्या वेळी थोड्या चुका घाला. मुलं इतकी बरोबर नसतात.' उत्तर आलं, 'खोटा आकडा लिहायला माझा हात धजत नाही. तुम्ही घाला.'

म्हणजे पापाचे वाटे झाले. तो खरं मोजायचा, ती ते बिघडवायची. बिघडवायलाही अक्कल लागते. तिने कपाटातून आपल्या पोरांच्या जुन्या वह्या काढल्या आणि त्यांतल्या चुका निवडून निवडून पलीकडे वाटल्या. कुणाची काठी कललेली, कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं. घरात अळीमिळी गुपचिळी. दादा एवढंच म्हणाला, "बंद घड्याळाचे काटे हाताने फिरवतेयस तू. फिरव, किती दिवस फिरवशील?"

आणि नशीब बघा, त्याच वर्षी तिला प्रशिक्षणात बोलायला बोलावलं, आदर्श म्हणून! पडद्यावर चाळीस काळे चौकोन आणि एक हसतमुख प्रशिक्षक. "काय जिवंत आकडे आहेत, बाई! मुलांच्या चुकासुद्धा लपवल्या नाहीत तुम्ही." शेवटी त्याने खूशखबर दिली. पुढच्या वर्षापासून नुसते आकडे चालणार नाहीत. दोन्ही वर्गांनी कॅमेऱ्यावर समोरासमोर भेटायचं, तरच सूट. काळ्या चौकोनांतून टाळ्यांची चिन्हं उमटली. बाईनेही एक उमटवलं.

वर्षातली शेवटची तारीख आली आणि मास्तरचे आकडे आलेच नाहीत. आठवडाभर वाट बघून तिने ईमेल टाकला, तो परत आला. असा पत्ता आता नाही म्हणे. चौकशी करायची कुणाकडे? ज्या शाळेत विचारायचं, ती शाळाच नव्हती. तिने काय समजायचं ते समजून घेतलं. मग त्याच तारखेचा त्याचा गेल्या वर्षीचा कागद काढला, कारण सूर्य काही दरवर्षी वाट बदलत नाही, आणि अठराच्या अठरा आकडे पहिल्यांदाच एकटीने लिहिले.

दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर मांडले. यंदा झापलं नाही. पोरं आपापले आकडे ताडून बघत होती, तेवढ्यात शेवटच्या बाकावरची डावरी ताडकन उभी राहिली. या पोरीला चूक सापडली की लॉटरी लागल्यासारखं व्हायचं.

"बाई, अकरावा बघा! सगळ्यांचे त्रेपन्नच्या आसपास आणि ह्याचा ५४.२. ह्याने मोजपट्टी शून्याऐवजी एकवर धरली असणार!"

"कशावरून गं?"

"मी पण गेल्या वर्षी तशीच धरली होती की! तुम्ही ओरडला होता." वर्ग हसला. डावरीचा चेहरा फुलला होता. "बाई, मला हाच जोडीदार द्या. अकरावा. पुढच्या वर्षी कॅमेऱ्यावर दिसणार ना तो?"

फळ्यावरच्या अकराव्या आकड्याकडे बाई बघत राहिली. त्यातली चूक तिने डावरीच्याच वहीतून उचलली होती.

"बाई, दिसणार ना?"

"आधी तुझी वजाबाकी तपास," बाई म्हणाली, आणि अकराव्यापुढे तिने डावरीचं नाव लिहिलं.