पिसवा आणि अक्काची खोली

पांढऱ्या मोज्यांवर कुणी मूठभर काळे तीळ उधळावेत आणि त्या तिळांनी एकाएकी उडी मारावी! पौषातल्या एका स्वच्छ दुपारी, कसबा बावड्यातल्या अक्काच्या खोलीत उभी असताना मी हे पाहिलं आणि जागीच थिजले. बाहेर लखलखीत ऊन होतं, कारखान्याच्या मळीचा गोडसर-आंबूस वास हवेत तरंगत होता, उसाचे ट्रॅक्टर घरघरत जात होते. अशा उजेडात माणसाला भय वाटू नये. पण सहा महिने जिथे कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, त्या धुळकट फरशीवरून काहीतरी जिवंत माझ्या दिशेने येत होतं, जणू माझीच वाट पाहत थांबलेलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आषाढात ती गेली. तिच्या अखेरच्या दोन महिन्यांत मी राजारामपुरीतला माझा फ्लॅट बंद करून तिच्यापाशी राहिले होते. ती गेल्यावर घराला कुलूप घातलं, तिची लाडकी मांजर हरणी शेजारच्या शेवंतावहिनींच्या गोठ्यावर सोपवली, आणि निघून गेले. त्या खोलीचा उंबरा ओलांडण्याचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. पुढे कॉलेजातून निवृत्त झाले, आणि उरलेले दिवस अक्काच्या घरातच काढावेत असं मनाने घेतलं.

पायांवरचे लालभडक चट्टे पाहून वहिनी म्हणाल्या, "पिसवा हायत त्या. घर उपाशी हाय न्हवं, बाई? माणूस आत आलं की उठतंय."

"अहो, पण इतके महिने आत मांजर नाही, माणूस नाही. जगल्या कशावर?"

"ते मला काय ठावं? दावणीची म्हस वैरण मागती, तसं घर बी माणूस मागतंय की!"

मी हसले, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही.

हरणी त्याच संध्याकाळी परत आली. घरभर न हुंगता सरळ अक्काच्या पलंगावर चढली आणि पायथ्याशी, जिथे अक्काचे पाय असत, नेमकी तिथेच वेटोळं करून निजली. आठवडाभरात तिच्या मानेवरचे केस झडले. खाजवून खाजवून कातडी सोलवटली. मग माझे घरगुती उपचार सुरू झाले. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने फरशी पुसली. घर कडूजहर झालं, पिसवा मात्र होत्या तशाच. कोपऱ्यांत मीठ पसरलं. अखेर मोबाइलवर कुठेसं वाचून, अक्काच्या फडताळातली निलगिरीच्या तेलाची बाटली काढली आणि हरणीच्या पाठीवर चार थेंब चोळले.

नैसर्गिक ते सारं निरुपद्रवी, असं आपण किती सहज धरून चालतो! अर्ध्या तासात हरणीच्या तोंडातून लाळ गळू लागली. मागचे पाय लटपटले, अंग थरथरू लागलं, आणि डोळ्यांत ओळखच राहिली नाही. अक्काने मागे ठेवलेलं जितंजागतं असं तेवढंच होतं, आणि ते मी माझ्या हाताने मारत होते. टॉवेलात गुंडाळून, रिक्षा करून मी तिला राजारामपुरीतल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कोमट साबणपाण्याने तिचं अंग धुतलं, इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला नजरेखाली ठेवलं. "मॅडम, मांजर अंग चाटतं. ही तेलं तिला विषच. पुन्हा न्हाई लावायची," ते म्हणाले. "बारीक दातांची फणी घ्या, रोज विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. पिसवा तिथंच मरतात. अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात टाका, फरशीच्या फटी झाडा. आणि त्या खोलीत रोज चाला."

"चालू?"

"पाय आपटत चाला. पिसूची पोरं कोषात सहा-सहा महिने झोपून राहतात. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास कळला की कोष फोडून बाहेर येतात. खोली बंद ठेवलीत, तर त्या वाट बघत बसतील. बाहेर आल्या की मारता येतात."

"आणि कोषात जायच्या आधी त्या खातात काय?"

"मोठ्या पिसवा रक्त पितात, आणि त्याचे वाळके कण मागं टाकतात. त्यावरच पोरं वाढतात. मांजराचं रक्त, माणसाचं. जे मिळंल ते."

परतताना रिक्षात हरणी मांडीवर निजली होती, आणि माझ्या अंगावर सावकाश काटा उभा राहत होता. अक्काला साखरेचा विकार होता. शेवटच्या दिवसांत ती पुन्हा पुन्हा म्हणे, "पायाला काय तरी चावतंय गं." मी सांगे, साखरेमुळे मुंग्या येतात. तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. एकदा तर ती चिडून ओरडली होती, "मुंग्या न्हाईत त्या! चावतंय म्हणतोय न्हवं मी!" रागावली की ती लहानपणापासून अशीच पुरुषासारखी बोलायची. मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं होतं, आणि त्या पांघरुणावर हरणी निजली होती. माझ्याही घोट्यांवर तेव्हा पुरळ होती. मी डासांना बोल लावला होता. मरणाऱ्या माणसाच्या शब्दाला आपण किती घाईने आजाराचं नाव देतो! ती खरं सांगत होती, आणि त्या खऱ्याला साक्षी फक्त त्या पिसवा होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी चालू लागले. दुपारी पांढरे मोजे घालून, दाराकडून खिडकीकडे, खिडकीकडून पलंगाकडे, पाय आपटत. जिथे सहा महिने डोकावले नव्हते, तिथे आता रोज तासभर फेऱ्या घालू लागले. आणि त्या येत. फटींतून, पलंगाखालून, माझ्या पावलांना ओ दिल्यासारख्या येत. अक्काच्या रक्तावर पोसलेलं काहीतरी माझ्या पायांशी गोळा होत आहे, या जाणिवेने पहिल्या दिवशी मोजे साबणाच्या पाण्यात बुडवताना माझा हात अडखळला. कुणाला बुडवत होते मी? तिला छळणाऱ्यांना, की तिच्या उरल्यासुरल्या अंशाला? तेवढ्यात दारात हरणी खाजवू लागली, आणि मी मोजे पाण्यात दाबले.

हळूहळू तीळ विरळ झाले. हरणीच्या मानेवर नवी लव उगवली. फणी रिकामी निघू लागली. आणि माघ उलटता उलटता एका दुपारी तासभर चालूनही मोजे शुभ्रच राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

सुटले, असं वाटायला हवं होतं. पण माझ्या पावलांना ओ देणारं त्या खोलीत आता काहीच नव्हतं, आणि ती शांतता पिसवांहून भयाण होती. मी पलंगाच्या काठावर बसले आणि मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "अक्का, चावत होतं गं. खरंच चावत होतं. मी ऐकलं नाही."

पायथ्याशी निजलेल्या हरणीने मान उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रिकाम्या उशीकडे पाहिलं, बराच वेळ, एखाद्याचं बोलणं पुरं होण्याची वाट पाहावी तसं. मग सावकाश डोळे मिटले.

मी उठून पुन्हा चालू लागले. या वेळी पाय न आपटता.