साहेबांचा फोन

आमच्या पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणारे एक हवालदार मी बरीच वर्षं पाहतोय. कोणी आलं की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "कुठली हद्द?" हद्द दुसऱ्या ठाण्याची निघाली, तरी माणसाला परत धाडत नाहीत, लिहून घेतात, मग पुढे पाठवतात.

परवा माझा मोबाइल हरवला. ओळखीनं वरच्या साहेबांकडून ठाण्यात फोन करवला आणि थेट रांगेपुढे जाऊन उभा राहिलो. वाणगावची एक बाई सकाळपासून जमिनीवर बसली होती. तिचा नवरा दोन दिवस बोईसरच्या कारखान्यातून परतला नव्हता.

हवालदार उठले. स्वतःची खुर्ची तिला दिली. "बस, बाय."

मग मला म्हणाले, "साहेबांचा फोन हाय, म्हणजे तुमचं आधी घ्यायला लागेल. हिला थांबायला तेवढं तुमीच सांगा."

मी सांगितलं.