सोनीमावशीच्या चौकाची परवानगी

चार वर्षं एका भिंतीची आठवण काढून झाल्यावर २०१८च्या जानेवारीत मी एकदाची पुण्याहून गाडी काढली. निमित्त कामाचं होतं. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि चित्रं कशी बघावीत यावर माझं स्वतःचं पहिलं पुस्तक तेव्हा तयार होत होतं. त्यात मला पानभर एक फोटो हवा होता. तलासरीजवळच्या एका पाड्यावर, २०१४च्या लग्नसराईत, जिच्याकडे मी वारली चित्रं शिकले त्या सोनीमावशीच्या घरातल्या लग्नचौकाचा, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर पिठाने रेखलेल्या चित्राचा, मी काढलेला.

संपादक म्हणाले, "अहो, चित्रावर लिहिताय ना? मग फेअर यूज. परवानगी कशाला?" आमच्या धंद्यात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो आणि अर्थ ज्याचा त्याचा. कुणी म्हणतं थोडंसंच घ्या, कुणी म्हणतं खाली नाव दिलं की झालं. एक मित्र तर घाबरून कुणाचं काही घेतच नाही. समीक्षेसाठी कायद्यात मुभा आहे, हे मी वाचलं होतं. तरी परवानगीच्या कागदाच्या तीन प्रती घेऊन निघाले. खरं सांगायचं तर मला तिथे परत जायचं होतं, आणि नुसतं 'आठवण आली' म्हणून जायची लाज वाटत होती.

मनोरपर्यंत ट्रक जीव खातात, पुढे रस्ता बरा आहे. चारोटी नाक्यावरून डावीकडे वळलं की डहाणू. तिथल्या मसोली भागात नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. खानावळीत बोंबील आणि तांदळाची भाकरी झकास, आणि समोरच्या भिंतीवर ऑइलपेंटमध्ये वारली नाच. कुणी काढला, असं मालकांना विचारलं.

"नेटवरून घेतला, पेंटरकडून मारून घेतला. फ्री असतं ते."

मी शहाण्यासारखा चेहरा करून मान हलवली खरी, पण माझ्या पिशवीतल्या फोनमध्येही दुसऱ्याचंच चित्र होतं. जेवण त्यानंतर जरा बेचव लागलं.

दुसऱ्या दिवशी तलासरीकडे. थंडीत गेलात तर हायवेच्या कडेला उंबाडियू खा. मडक्यात भाजलेली पापडी आणि कंद, सोबत हिरवी चटणी आणि ताक. पाड्याचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, तेव्हा गाडी शाळेपाशी लावून चाला. मी चालले, जवळजवळ पळतच.

कुडाचं घर जागेवर नव्हतं. तिथे विटांचं निळं घरकुल उभं होतं. ओटीवर सोनीमावशी ऑर्डरच्या कापडावर चित्र काढत बसली होती. केस पांढरे, कपाळ रिकामं. मला बघून हसली.

"तूच ना ती, पीठ सांडवणारी?"

२०१४मध्ये आठ दिवस तिच्याकडे शिकताना तांदळाच्या पिठाचा वाडगा मी दोनदा लवंडला होता. तेवढं तिला आठवत होतं, म्हणून माझे डोळे भरून आले. घाईघाईने विचारलं, "भिंत?"

"पाडली. मातीत माती गेली."

पाड्यावर चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात', आणि तो फक्त सवाष्णींनी लिहायचा. नवरा गेल्यापासून मावशीला लग्नाच्या चौकाला कुणी बोलावत नाही. कापडावर हवं तितकं लिही, भिंतीवर नाही. लेकीच्या लग्नातला तो चौक तिचा शेवटचा, आणि आता तो फक्त माझ्या फोनमध्ये होता.

मी कागद पुढे केला, फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसून फोन धरला.

"आमी चौघींनी लिवला. मी सही करते, तिघींना सांगेन. छाप. पण मधली देवी नको."

मधली देवी म्हणजे पालघट, वारल्यांची लग्नाची देवी. पुस्तकातलं माझं सगळं प्रकरण तिच्यावरच होतं. मी म्हटलं, "मावशी, आत्ता या कापडावर तीच तर आहे."

"ही लिवलेली. ती बोलावलेली. गाणी म्हणून बोलावली होती, माझ्या पोरीसाठी. तुझ्या पुस्तकात ती कुणासाठी येल?"

सहीच्या वर मी माझ्या हाताने लिहिलं, 'देवी सोडून'. मावशीने बोटांनी फोटो मोठा केला, इतका की देवी पडदाभर झाली. बराच वेळ बघून म्हणाली, "मला मोठा काढून आणला असतास." कागदाच्या तीन प्रती आणणाऱ्या बाईला फोटोची एक प्रत सुचली नव्हती. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

पुण्यात संपादक वैतागले. "कायदा आपल्या बाजूने आहे. पान वाया जाईल." कायदा होताच. मी प्रकरण नव्याने लिहिलं. २०१९मध्ये पुस्तक आलं, त्यात चौकटीची नक्षी आहे, झाडं आहेत, घोडा आहे आणि मध्ये देवीच्या जागी कोरा गेरू. वाचक अजून विचारतात, छपाईत चूक झाली का?

पुस्तक आणि अख्ख्या फोटोची मोठी प्रत मी पाड्यावर पाठवली. काही दिवसांनी मावशीच्या लेकीचा फोन आला.

"आई ते कोरं पान उघडून बसलीय. फोटो बाजूलाच हाय, पण पान सोडत नाय. ऐका."

तिने फोन मावशीजवळ नेला. मावशी त्या रिकाम्या जागेसमोर देवीला बोलावण्याचं गाणं गुणगुणत होती, स्वतःशीच. माझ्या फोनवर कॉल रेकॉर्ड करता येतो. बटण अंगठ्याखालीच होतं. मी दाबलं नाही.

चाल अजून आठवते. शब्द मात्र एकही राहिला नाही, आणि रोज कामाला बसले की मी तो शोधत असते.